इटालियन शब्दांचे अवयव आणि आघात

इटालियन लेखन बरेचसे उच्चाराप्रमाणे चालते. मात्र शब्दात जोर कुठे द्यायचा, हे ते क्वचितच दाखवते. 'कापितानो' हा शब्द पाहा. 'का'वर आघात दिला तर अर्थ 'घडतात', 'ता'वर दिला तर 'कप्तान'. लिहिताना दोन्ही अगदी सारखे दिसतात. 'नो'वर आघात असेल तर अर्थ होतो 'त्याने नेतृत्व केले', आणि तेव्हाच शेवटच्या स्वरावर चिन्ह येते.

अवयव कसे पाडावेत?

एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा म्हणजे अवयव, अर्थात सिलॅबल. प्रत्येक अवयवात स्वर हवाच.

• दोन स्वरांमधले एकटे व्यंजन पुढच्या स्वराकडे जाते : का-सा (घर).
• जोडव्यंजन दुभंगते : पाल्-ला (चेंडू). एकच 'ल' उच्चारला तर होते पा-ला, म्हणजे फावडे.
• 'ल', 'म', 'न', 'र' नंतर दुसरे व्यंजन आले तर त्यांच्यामध्ये तोडतात : पार्-ते (भाग).
• व्यंजनानंतर 'र' किंवा 'ल' आल्यास जोडी एकत्र राहते : ली-ब्रो (पुस्तक).
• 'स' पुढच्या व्यंजनासोबत जातो. आपण 'पास्-ता' म्हणतो. इटालियन शाळेत 'पा-स्ता' असे तोडायला शिकवतात.

आघात कुठे?

बहुतेक शब्दांत तो शेवटून दुसऱ्या अवयवावर असतो : मि-ला-नो मध्ये 'ला'वर. अशा शब्दांना 'पियाना' म्हणतात. शेवटच्या अवयवावर आघात असलेले शब्द 'त्रोंका'. त्यांत चिन्ह लिहावेच लागते. कॉफीसाठीचा 'काफ्फे' आणि आपल्याकडेही मिळणारे 'तिरामिसू' ही त्याची उदाहरणे. शेवटून तिसऱ्या अवयवावर आघात असेल तर शब्द 'ज्द्रुच्चोला', म्हणजे घसरता : ना-पो-ली मध्ये 'ना'वर.

आघातामुळे अवयवांची संख्याही बदलते. 'फार्-मा-ची-आ' (औषधांचे दुकान) मध्ये 'ची'वर आघात आहे, म्हणून पुढचा 'आ' वेगळा राहतो. 'फ्रान्-चा' (फ्रान्स) मध्ये तीच 'ई' आघाताविना असल्याने पुढच्या स्वरात मिसळते.

मराठीत आघात बदलला म्हणून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, त्यामुळे आपले लक्ष तिकडे जात नाही. याउलट 'पता' आणि 'पत्ता' यांतला फरक आपल्या कानाला सवयीचा असतो. त्यामुळे इटालियन जोडव्यंजने सोपी जातात. म्हणून नवा शब्द शिकताना अर्थाबरोबर आघातही पाठ करावा. इटालियन शब्दकोशात तो चिन्हाने दाखवलेला असतो.