गिटार-ॲम्प्लिफायरची दुरुस्ती : एका अमेरिकी धंद्याची वाटचाल

अमेरिकेत गिटारचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करण्याचा धंदा रेडिओवाल्यांच्या दुकानात जन्माला आला. पुढे इलेक्ट्रो स्ट्रिंग इन्स्ट्रुमेंट कॉर्पोरेशन म्हणून ओळखल्या गेलेल्या लॉस एंजलिसच्या कंपनीने 1932 मध्ये विजेची गिटार विकायला काढली. तिच्याबरोबर मिळणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये रेडिओवाल्याला अनोळखी असे काहीच नव्हते. व्हॉल्व्ह तेच, ट्रान्सफॉर्मर तोच, स्पीकरही तोच. फरक इतकाच, की रेडिओत आवाज लहरींवरून येई आणि इथे तो पोलादी तारेच्या कंपनातून येई. असा ॲम्प्लिफायर मुका झाला की वादक तो उचलून गावातल्या रेडिओवाल्याकडे नेई.

हे रेडिओवाले बहुतेक टपालाने शिकलेले होते. 1914 मध्ये स्थापन झालेली वॉशिंग्टनची नॅशनल रेडिओ इन्स्टिट्यूट पत्राद्वारे धडे पाठवत असे. न्यूयॉर्कचे जॉन रायडर यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभापासून निरनिराळ्या कंपन्यांच्या रेडिओंचे सर्किट-नकाशे जाडजूड खंडांत छापले, आणि नकाशा समोर असेल तर अनोळखी यंत्रही सुधारता येते हा विश्वास देशभरच्या दुकानांना दिला. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने असंख्य तरुणांना रेडिओचे काम शिकवले. 1944 च्या ‘जी. आय. बिल’ कायद्यामुळे परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चाने तंत्रशाळेत जाता आले. त्यामुळे विजेच्या गिटारचा खप वाढू लागला, तेव्हा तिचे ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे हात आधीच तयार होते.

त्या हातांपैकी दोन लिओ फेंडर यांचे होते. शिक्षण हिशेबनीसाचे. मंदीच्या काळात नोकरी गेली, तेव्हा त्यांनी 600 डॉलर कर्ज काढून 1938 मध्ये कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ हे दुकान थाटले. रेडिओ, ग्रामोफोन, सभेचे लाउडस्पीकर आणि वादकांचे ॲम्प्लिफायर असे सगळेच त्यांच्या टेबलावर येई. स्वतःला गिटार वाजवता येत नसे, पण दुसऱ्यांनी बनवलेली यंत्रे कुठे आणि का मोडतात हे त्यांनी रोज पाहिले. 1945 मध्ये डॉक कॉफमन यांच्या भागीदारीत ‘के अँड एफ’ या नावाने आणि पुढच्या वर्षापासून स्वतःच्या नावाने त्यांनी ॲम्प्लिफायर बनवायला घेतले, तेव्हा हा अनुभव त्या खोक्यात उतरला. मागची फळी चार-सहा स्क्रू काढले की सुटे. कुठल्या खोबणीत कोणता व्हॉल्व्ह बसतो याचा तक्ता आत चिकटवलेला असे. सगळे रेझिस्टर आणि कंडेन्सर एका लांब पट्टीवर ओळीने, सोल्डरिंग आयर्न पोचेल असे मांडलेले. फ्यूज बाहेरून हाताने फिरवून काढता येई. 1950 मध्ये आलेल्या त्यांच्या भरीव लाकडाच्या गिटारचा दांडाही चार स्क्रूंनीच जोडलेला होता. फेंडरच्या नावलौकिकात आवाजाचे कौतुक नेहमी पुढे येते, पण कारागिराच्या दृष्टीने या माणसाचे मोठे काम दुरुस्तीची सोय हेच आहे.

ही रचना किती उपयोगी होती, हे ॲम्प्लिफायर मुळीच चालू होत नसेल तेव्हा कळते. फेंडरच्या यंत्रावरचा लाल दिवा व्हॉल्व्हचे फिलॅमेंट तापवणाऱ्या 6.3 व्होल्टच्या वेटोळ्यावरच चालतो. दिवा विझलेला पण व्हॉल्व्ह तांबूस दिसत असतील तर बिघाड दिव्याच्या बल्बचाच. दिवा आणि व्हॉल्व्ह दोन्ही पेटलेले पण आवाज नसेल तर भिंतीपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंतचा रस्ता साफ आहे, शोध पुढे घ्यायचा. सगळेच अंधारात असेल तर भिंतीतल्या सॉकेटपासून सुरुवात: मग वायर, फ्यूज, खटका आणि शेवटी ट्रान्सफॉर्मरचे पहिले वेटोळे. रोज गाडीत चढणाऱ्या-उतरणाऱ्या यंत्राची वायर प्लगच्या तोंडाशी आतून तुटलेली सापडणे नित्याचे होते.

फ्यूज उडालेला सापडला तर तो का उडाला हा खरा प्रश्न. नवा फ्यूज लगेच उडत असेल तर कारागीर आधी रेक्टिफायर व्हॉल्व्ह, म्हणजे एसीचे डीसी करणारा व्हॉल्व्ह, काढतो. फ्यूज टिकला, तर दोष त्या व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या पुढे, फिल्टर कंडेन्सरमध्ये किंवा आउटपुट व्हॉल्व्हमध्ये. सगळे व्हॉल्व्ह काढूनही उडाला, तर ट्रान्सफॉर्मर किंवा त्याच्या तारा. दरवेळी नवा फ्यूज वाया जाऊ नये म्हणून ॲम्प्लिफायरच्या आधी एक साधा बल्ब सिरीजमध्ये जोडतात. यंत्रात शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो, नसेल तर क्षणभर उजळून मंदावतो. भारतातल्या जुन्या रेडिओवाल्यांच्या टेबलावरचा सिरीज बोर्ड तो हाच. घाईतल्या वादकांनी फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घातला, की दोन डॉलरच्या कामाचे जळलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या खर्चात रूपांतर होई.

स्वस्त ॲम्प्लिफायरांची गोष्ट वेगळी. पैसे वाचवण्यासाठी त्यांत पॉवर ट्रान्सफॉर्मरच नसे. व्हॉल्व्हचे फिलॅमेंट माळेतल्या दिव्यांप्रमाणे एकामागे एक जोडून थेट घरच्या विजेवर लावलेले असत. अमेरिकी व्हॉल्व्हच्या नावातला पहिला आकडा बहुधा फिलॅमेंटचा व्होल्टेज सांगतो, त्यामुळे 50एल6 आणि 35झेड5 अशी नावे दिसली की कारागिराला माळ ओळखू येई. तिच्यातले एक फिलॅमेंट तुटले की सगळी माळ अंधारात. 1950 आणि 60 च्या दशकांत औषधांच्या आणि लोखंडी सामानाच्या दुकानांत व्हॉल्व्ह तपासण्याची यंत्रे उभी असत. गिऱ्हाईक घरून व्हॉल्व्ह पिशवीत घालून आणी, स्वतःच तपासे आणि खराब निघालेला तिथेच बदलून घेई.

पण अशा यंत्रांचा आतला धातूचा पत्रा (चॅसिस) विजेशी जवळजवळ थेट जोडलेला असे, आणि इथे या इतिहासाची काळी बाजू येते. जुना दोन पट्ट्यांचा प्लग कसाही उलटसुलट बसे. गुणगुण कमी व्हावी म्हणून चांगल्या ॲम्प्लिफायरांतही विजेची एक बाजू आणि पत्रा यांच्यामध्ये एक छोटा कंडेन्सर असे. तो शॉर्ट झाला की गिटारच्या तारांमध्ये घरची वीज उतरे. कारागीर आजही त्याला ‘मृत्यूचा कंडेन्सर’ म्हणतात. डिसेंबर 1965 मध्ये सॅक्रामेंटोच्या मंचावर रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्‌सची गिटार मायक्रोफोनला लागली आणि झटक्याने तो बेशुद्ध पडला. 1962 च्या राष्ट्रीय विद्युत संहितेने नव्या बांधकामांत अर्थिंगची सॉकेट आवश्यक केली, पुढे ॲम्प्लिफायरांनाही तीन पिनांची वायर आली. जुने यंत्र दुरुस्तीला आले की तो कंडेन्सर कापणे आणि तीन पिनांची वायर बसवणे हे चांगल्या दुकानात पहिले काम ठरले. ते गिऱ्हाइकाने सांगितले नसले तरी करावे, इतके ते आवश्यक आहे.

जानेवारी 1965 मध्ये सीबीएस कंपनीने फेंडरचा कारखाना 1 कोटी 30 लाख डॉलरला विकत घेतला. पुढच्या वर्षी फेंडरचे ट्रान्झिस्टरवर चालणारे ॲम्प्लिफायर आले. तापून बंद पडण्याबद्दल ते बदनाम झाले आणि काही वर्षांतच मागे घेतले गेले. वादक व्हॉल्व्हला चिकटून राहिले, पण बाकीच्या जगाने व्हॉल्व्ह सोडला. रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच बदलले, औषधांच्या दुकानांतली तपासयंत्रे गेली, कोपऱ्यावरचे दुरुस्तीवाले कमी झाले. 1976 मध्ये आरसीए कंपनीने न्यू जर्सीतील हॅरिसनचा व्हॉल्व्ह-कारखाना बंद केला. 1980 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कचे माइक मॅथ्यूज सोव्हिएत व्हॉल्व्ह आणू लागले, कारण तिथे त्यांचे उत्पादन थांबले नव्हते. मार्च 2022 मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा अमेरिकी दुकानांत व्हॉल्व्हचे भाव एकदम चढले, इतके हे अवलंबित्व खोल गेले होते.

आता हा धंदा थोड्या, पण जाणत्या लोकांच्या हाती आहे. त्यांच्यापुढे नवे प्रश्न आहेत. 110 किंवा 117 व्होल्टसाठी बांधलेल्या यंत्राला आज 120 व्होल्ट आणि कधी त्याहून जास्त मिळतात, त्यामुळे जुना ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो. लॉस एंजलिसचे प्रख्यात ॲम्प्लिफायर-निर्माते अलेक्झांडर डंबल सर्किट कोणी पाहू नये म्हणून त्यावर इपॉक्सी ओतत, आणि अशा यंत्रात दोष शोधणाऱ्याला आधी तो थर खरवडावा लागतो. नव्या डिजिटल ॲम्प्लिफायरात वीजपुरवठ्याचा अख्खा बोर्डच बदलतात, आणि बोर्ड बनणे थांबले की यंत्र संपले. फुलर्टनच्या पहिल्या खोक्यांचे भाग मात्र आजही सुटे मिळतात.

असे खोके घरी असेल तर एवढे ध्यानात ठेवावे : वायर काढल्यावरही आतल्या फिल्टर कंडेन्सरमध्ये 300 ते 500 व्होल्ट साठून राहू शकतात. बाहेरचा फ्यूज आणि वायर तपासून झाली, की पुढचे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे.