शिडीवरचा बेडूक

पावसाने ओढ दिली की आपल्याकडे खेड्यापाड्यांत धोंडी निघायची. कडुलिंबाचा पाला बांधून, बेडूक घेऊन मुले दारोदार जात आणि घरातल्या बाया त्यांच्यावर पाणी ओतत. नाशिककरांना हे नवे नाही. पण बेडकाकडे पावसाची विचारणा करणारे आपण एकटे नव्हे.

जर्मनीत पूर्वी झाडावरचा इवलासा हिरवा बेडूक काचेच्या बरणीत पाळत. तळाशी थोडे पाणी, त्यात एक छोटी शिडी. बेडूक वर चढला तर ऊन, खाली उतरला तर पाऊस, असा समज. उघडिपीत किडे उंच उडतात, त्यांच्यामागे बेडूकही झाडावर चढतो, हे त्याचे मूळ. पण बरणीत किडे कुठले? भाकीत फसे, कैद मात्र टळत नसे. हवामान सांगणाऱ्याला तिकडे आजही गमतीने ‘हवामान-बेडूक’च म्हणतात.

पुढे कुतूहल वर्षावनांकडे वळले. बोर्निओत पाहिलेल्या ‘उडत्या’ बेडकाचे वर्णन आल्फ्रेड वॉलेस यांनी १८६९ साली छापले. पुढच्याच वर्षी जेर्डन यांनी आपल्या सह्याद्रीतल्या अशाच बेडकाची शास्त्रीय नोंद केली. आंबोलीत पावसाळ्यात दिसतो तोच हा! बोटांमधले पडदे पसरून तो झाडावरून तरंगत उतरतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचे घरटे करतो. पिल्ले त्यातून थेट पाण्यात पडतात.

विसाव्या शतकात विमानांमुळे बेडकांचा व्यापार जगभर पसरला. मध्य अमेरिकेचा लाल डोळ्यांचा बेडूक दूरदेशीच्या दिवाणखान्यात पोहोचला. त्याबरोबर रोगही फिरला. बेडूक कातडीतून श्वास घेतो, पाणीही शोषतो. त्या कातडीवरच वाढणारी एक घातक बुरशी १९९९ साली शास्त्रज्ञांनी ओळखली. तिचे मूळ पूर्व आशियात असावे आणि व्यापाराने ती पसरली, असे २०१८ च्या संशोधनाने दाखवले. तिच्यामुळे ५०१ उभयचर जाती घटल्या आणि त्यांतल्या ९० बहुधा नामशेष झाल्या, असा २०१९ चा अंदाज आहे.

म्हणजे शोभेसाठी आणलेला एक बेडूक रानातल्या हजारोंच्या जिवावर उठू शकतो. आपल्या न्हाणीघराच्या भिंतीला चिकटून बसणारा तपकिरी बेडूकही झाडावरचाच. त्याला बरणी नको, शिडी नको. तो आपणहून येतो, किडे खातो आणि निघून जातो. त्याला हुसकावू नये, एवढे पाळले तरी पुरे.