बोलणे फुकट कसे झाले?

नव्वदच्या दशकात डोंबिवली स्थानकाबाहेर पडले की पिवळ्या पाट्यांची रांग दिसे: एसटीडी, आयएसडी, पीसीओ. रात्री दर उतरले की या टपऱ्यांवर गर्दी होई. काचेच्या खोक्यात शिरलेल्या माणसाचे कान फोनवर आणि डोळे मीटरच्या लाल आकड्यांवर असत. अमेरिकेला बोलायचे तर मिनिटाला पन्नास रुपयांहून अधिक पडत. त्यामुळे मुलगा, सून, नातू, हवामान आणि तब्येत हे सारे दोन मिनिटांत उरकावे लागे.

आज त्याच घरातली आजी नातवाशी तासभर बोलते आणि कॉलचे बिल येत नाही. हे कसे घडले, असे वर्गात विचारले तर 'तंत्रज्ञान सुधारले' असे उत्तर मिळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. या बदलामागे एक गणित आहे, एक कायदा आहे आणि एक न संपलेला हिशेबही आहे.

राखीव रूळ

ग्रॅहॅम बेलला दूरध्वनीचे पेटंट १८७६ मध्ये मिळाले आणि १८८२ मध्ये मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. तेव्हापासून शंभर वर्षे मूळ कल्पना एकच होती. दोघे बोलत असेपर्यंत त्यांच्यामधली वाट फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवायची. एका प्रवाशासाठी कल्याण ते ठाणे हा रूळच अडवून ठेवावा, तसा हा प्रकार. प्रवासी डुलकी घेत असला तरी रूळ अडलेलाच! संभाषणात प्रत्येक जण निम्म्याहून अधिक वेळ ऐकत किंवा थांबत असतो. त्या शांततेचेही भाडे ग्राहक भरत असे.

त्यातच क्षेत्रांच्या सीमा. १९८६ मध्ये महानगर टेलिफोन निगम स्थापन झाले, तेव्हा ठाणे शहर मुंबईबरोबर त्यात गेले. कल्याण-डोंबिवली मात्र दूरसंचार खात्याकडेच राहिली, पुढे २००० मध्ये भारत संचार निगमकडे गेली. ठाण्याचा क्षेत्र-क्रमांक ०२२, डोंबिवलीचा ०२५१. रेल्वेने जेमतेम पंधरा किलोमीटर अंतर, पण दूरध्वनीच्या नकाशावर ती दोन वेगळी गावे होती.

इंटरनेटची रीत वेगळी आहे. एकाच कचेरीतली पन्नास माणसे कल्याणहून निघतात, मिळेल त्या लोकलमध्ये चढतात आणि ठाण्याच्या फलाटावर पुन्हा एकत्र येतात. रूळ कोणाच्याच मालकीचा नसतो. माहितीचे छोटे तुकडे, म्हणजे पाकिटे, असाच प्रवास करतात. आपल्याकडे या रीतीची सुरुवात जवळच झाली. १९८६-८७ च्या सुमारास जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (एनसीएसटी) आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. गंमत अशी की, ती साध्या टेलिफोनच्या तारेवरूनच होत असे.

आवाजाचे आकडे

पत्र पाकिटात घालता येते, आवाज कसा घालायचा? त्यासाठी आवाजाचे आकडे करावे लागतात. ही कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याने १९३७ च्या सुमारास मांडली. ध्वनितरंगाची उंची सेकंदाला ८,००० वेळा मोजायची आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहायचे. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट झाले. १९९५ च्या सुमाराचा घरगुती मोडेम मात्र फार तर २८,८०० बिट वाहून नेई. मग हा हत्ती त्या दारातून जाणार कसा?

इथे एका भारतीयाचे नाव आदराने घ्यायला हवे. कानपूरला जन्मलेले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले बिष्णू अटल १९६१ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेले. घसा आणि तोंड यांची पोकळी बोलताना सावकाश आकार बदलते. त्यामुळे ध्वनीची मागची काही मापे माहीत असली की पुढचे माप बऱ्यापैकी ओळखता येते. मग सगळी मापे धाडायची गरजच काय? अंदाज बांधण्याचा नियम पाठवायचा आणि अंदाज किती चुकला तेवढे कळवायचे. जपानमध्ये इटाकुरा आणि साइतो हेही त्याच सुमारास याच दिशेने पोहोचले. १९७४ मध्ये अमेरिकेच्या 'आर्पानेट' या जाळ्यावरून पाकिटांतून प्रत्यक्ष संभाषण झाले ते याच पद्धतीने. अटल आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९८५ मध्ये ती आणखी सुधारली. तिच्या वंशातल्या एका पद्धतीत ६४,००० ऐवजी ८,००० बिटांत काम भागते.

आता फळ्यावर एक गणित करू. दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पाकिटात घातला, तर सेकंदाला ५० पाकिटे होतात. ८,००० बिट ५० पाकिटांत वाटले की प्रत्येकात १६० बिट, म्हणजे २० बाइट येतात. पण प्रत्येक पाकिटावर पत्ता, क्रमांक आणि वेळ लिहायला ४० बाइट लागतात. पत्रापेक्षा पाकीट दुप्पट जड! एकूण ६० बाइट गुणिले ८ गुणिले ५०, म्हणजे सेकंदाला २४,००० बिट. मोडेमच्या २८,८०० मध्ये ते कसेबसे बसते. फेब्रुवारी १९९५ मध्ये इस्राएलच्या व्होकलटेक कंपनीने संगणकावरून बोलण्याचा कार्यक्रम विक्रीस आणला, तो नेमका अशाच अरुंद दारांच्या काळात.

कायद्याची भिंत

त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात जनतेसाठी इंटरनेट खुले केले. पण त्यावरून टेलिफोनसारखे बोलायला परवानगी नव्हती. १९९८ मध्ये खासगी इंटरनेट कंपन्यांना परवाने मिळाले तेव्हाही आणि १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणातही ही बंदी कायम राहिली. सरकारच्या बाजूने कारण होते. परदेशी कॉलच्या चढ्या दरांतून स्थानिक आणि ग्रामीण सेवेचा तोटा भरून निघत असे.

बंदी उठली ती १ एप्रिल २००२ रोजी, तीही अर्धीच. डोंबिवलीच्या माणसाला आपल्या संगणकावरून जगातल्या कोणत्याही संगणकाशी बोलता येई आणि परदेशातल्या साध्या फोनवरही कॉल करता येई. मात्र ठाण्यातल्या बहिणीच्या फोनवर त्याच संगणकावरून कॉल करणे नियमात बसत नव्हते. शिकागो चालेल, नौपाडा नाही! परवानाधारक कंपन्यांना ॲपमधून देशातल्या फोनवर कॉल देता येईल, हे दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये स्पष्ट केले.

घरी आणि धंद्यात

ऑगस्ट २००३ मध्ये स्काइप आले. त्याचे संस्थापक स्वीडन-डेन्मार्कचे, तर कार्यक्रम लिहिणारे एस्टोनियाचे. त्यांनी मोठी केंद्रीय यंत्रणा उभारलीच नाही. वापरणाऱ्यांच्याच संगणकांपैकी काही सशक्त संगणक इतरांचे कॉल जुळवून देत. यजमानाचा खर्च पाहुण्यांनी वाटून घेतला, म्हणून जेवण फुकट वाटले.

मी तेव्हा परदेशात संशोधक विद्यार्थिनी होते. दर रविवारी आई डोंबिवलीच्या सायबर कॅफेत जाऊन कानाला यंत्र लावून बसायची. आम्ही दोघी एकदम बोलायचो आणि एकदम गप्प व्हायचो. आवाज पोहोचायला सुमारे १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागला की संभाषणाचा ताल बिघडतो, हे मला पुस्तकाआधी आईने शिकवले. पण मीटर नव्हते. आई पहिल्यांदाच काही न बोलता नुसती बसून राहू शकली. माझ्या दृष्टीने खरी क्रांती ती.

लहान धंदेवाल्यांनाही तेच सुख मिळाले. परदेशी गिऱ्हाइकाशी भाव ठरवताना घड्याळ पाहावे लागेना. मात्र एक गोष्ट गेली. जुन्या फोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टचा पुरवठा तारेतूनच येई. भारनियमनात सारी गल्ली अंधारात असली तरी तो वाजायचा. इंटरनेटचा फोन घरातल्या विजेबरोबर मुका होतो. अशा सेवांवरून साधारणतः ११२ हा संकटकाळचा क्रमांकही लागत नाही.

फुकट म्हणजे काय?

२०१५ मध्ये व्हॉट्सॲपवर बोलण्याची सोय झाली, २०१६ मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला आणि फुकट फोन घरोघर पोहोचला. स्काइप मात्र ५ मे २०२५ रोजी बंद झाले. त्यावर वर्षानुवर्षे संपर्क जपलेल्या घरांना आणि व्यावसायिकांना दुसरा निवारा शोधावा लागला. जुन्या टेलिफोन खात्याविरुद्ध निदान तक्रार तरी करता येई. फुकट सेवा आपल्याला काही देणे लागत नाही.

शिवाय पैसे कोणीतरी भरतेच: डेटाचा पॅक, उपकरण, वीज, जाहिराती आणि आपल्याविषयीची माहिती. मिनिटाचा दर गेला, हिशेब गेला नाही.

विद्यार्थ्यांना दोन कामे देता येतील. वरचे गणित त्यांनी ४० मिलिसेकंदांचे पाकीट धरून पुन्हा करावे. बिट वाचतात, पण उशीर वाढतो, हे त्यांना आपोआप कळेल. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, पूर्वी परगावी फोन लावला की आधी काय बोलायचात? दोन मिनिटांत जे आवर्जून सांगितले जाई त्याची यादी आणि आजच्या तासाभराच्या बोलण्याची यादी वहीत शेजारी शेजारी लिहावी.