मुसीकाठची चिंच

चिंचेला आपल्याकडे फारसा मान नाही. वड-पिंपळाची पूजा होते; चिंचेच्या वाट्याला आल्या त्या भुताखेतांच्या गोष्टी. चिंचोके मात्र आपण भाजून खाल्ले, फोडून सारीपाटावर टाकले, आणि दुष्काळात गोरगरिबांनी त्यांच्या पिठावर दिवस काढले. घोंगडीची खळही चिंचोक्यांचीच. वृक्ष मूळचा आफ्रिकेतील. पण अरबांनी त्याला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटले, इतका तो इथलाच झाला होता.

हैदराबादेत उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात असाच एक जुना चिंचवृक्ष आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. अफजल, मुसल्लमजंग व चादरघाट हे पूल निकामी झाले. कुतुबशाही काळातील पुराना पूल तेवढा टिकला. सुमारे पंधरा हजार माणसे दगावल्याचे सांगितले जाते. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी डोळ्यांदेखत वाहून गेली. त्याच दिवशी या चिंचेच्या फांद्यांना धरून सुमारे दीडशे जण वाचले. चिंचेची मुळे खोल जातात आणि फांद्या चिवट असतात, सहसा मोडत नाहीत. लोक पक्क्या घरांच्या भरवशावर राहिले, ती घरे गेली. भुताचे म्हणून टाळले जाणारे झाड उभे राहिले!

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी नंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्यात शिकलेले व मुंबई इलाख्याच्या सेवेत खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसविलेले हे अभियंते. पाणलोट क्षेत्रातील ७८८ तलावांपैकी २२१ फुटले होते, असे त्यांना आढळले. म्हणजे आपत्ती केवळ आकाशातून आली नव्हती. एकामागून एक फुटणाऱ्या तलावांनी पुरात भर घातली होती. त्यांच्या शिफारशीवरून शहराच्या वरच्या अंगास उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे जलाशय झाले.

वृक्षाखाली २८ सप्टेंबरला काही नागरिक मृतांच्या स्मरणार्थ जमतात. २०२५ मध्ये तो दिवस येण्याच्या आदल्या दोन दिवसांत याच जलाशयांतून पाणी सोडावे लागले आणि जवळच्याच महात्मा गांधी बसस्थानकात मुसी शिरली.