पात्यावरचे नाव कोणाचे?

१/ एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोथबीज लिलावात एक तलवार विक्रीस आली. ती नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची होती. महाराष्ट्र शासनाने ४७.१५ लाख रुपये खर्चून ती मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. बातम्या घराण्याविषयी आणि किमतीविषयी होत्या. मात्र पात्याकडे निरखून पाहिल्यास एक निराळा प्रश्न उभा राहतो.

२/ या तलवारीच्या पाठीवर देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव आणि छत्रपती शाहूंकडून त्यांना लाभलेला ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब सोन्याने कोरलेला आहे. हे नाव मालकाचे आहे. पाते युरोपीय बनावटीचे आणि मूठ देशी धाटणीची. पाते ज्याने घडवले त्या लोहाराचे नाव इतिहासाला ठाऊक नाही.

३/ अशा तलवारीला मराठीत ‘फिरंग’ म्हणतात. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपीय पात्यांना हिंदुस्थानात मोठी मागणी होती. जर्मन पाती ‘आलेमानी’ म्हणून ओळखली जात. पात्यांवर कारागिरांचे ठसे असत. पासाऊ आणि नंतर सोलिंगेन येथील ‘धावता लांडगा’ हा त्यांतला एक. जिनोआशी जोडलेला दातेरी चंद्रकोरींच्या जोडीचा ठसा हा दुसरा.

४/ हे ठसे इतके नावाजले की अनेक देशांतील लोहार तेच आपल्या पात्यांवर मारू लागले. सोलिंगेनने लांडगा पासाऊकडून उचलला, पुढे कॉकेशसमध्येही तो दिसू लागला. जिनोआच्या चंद्रकोरी हिंदुस्थानी पात्यांवर उमटल्या. परिणामी आज संग्रहालयातील एखाद्या तलवारीवर असा ठसा दिसला, तरी तेवढ्यावरून ती कोठे घडली हे सांगता येत नाही. ज्याला राखणदार नाही, तो ठसा कालांतराने केवळ नक्षी होऊन बसतो.

५/ मग विदर्भात लोहारकाम नव्हते काय? होते, आणि ते फार जुने होते. नागपूर जिल्ह्यातील नैकुंड येथे इसवी सनपूर्व सुमारे ७०० मधील लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननात सापडली. माहूरझरी आणि वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा ही याच महापाषाणयुगीन संस्कृतीची स्थळे. विदर्भातील त्या काळच्या दफनांतून कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर अशी लोखंडी हत्यारे मिळाली आहेत.

६/ माहूरझरी व नैकुंड येथील वस्तूंच्या धातुपरीक्षणातून दिसते की या कारागिरांना मऊ लोखंड आणि पोलाद यांतला भेद कळत होता. जेथे धार हवी तेथे ते पोलाद वापरत. म्हणजे कसबाची परंपरा अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. कारागिराचे नाव मात्र त्यातील एकाही वस्तूने आपल्यापर्यंत पोहोचवलेले नाही.

७/ पुढच्या काळातील गावगाड्यात यामागचे एक कारण स्पष्ट दिसते. लोहार हा बलुतेदार होता. वखराची पास, नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड ही कामे तो वर्षभर करी आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घेई. विळा कोणी घडवला हे साऱ्या गावाला माहीत असे. धार गेली तर कुणबी थेट त्याच्या भात्यापाशी जाऊन उभा राही. ओळख माणसाची होती, म्हणून ठशाची गरज पडली नाही. ठसा लागतो तो अनोळखी गिऱ्हाइकासाठी.

८/ इंग्लंडमधील शेफील्डची पाती अशाच अनोळखी गिऱ्हाइकांसाठी घडत. १६२४ मध्ये तेथे पार्लमेंटच्या कायद्याने ‘कटलर्स कंपनी’ स्थापन झाली. उमेदवारी पूर्ण करून स्वतंत्र झालेल्या कारागिराला तेथे ठसा मिळे आणि त्याची नोंद होई. दुसऱ्याने तो वापरला तर तक्रार करायला जागा होती. निवड कारागिराची असली, तरी तिला मान्यता संघाची लागे.

९/ नोंदलेला ठसा ही मालमत्ताच ठरली. तारा आणि माल्टीज क्रूस हे प्रथम सतराव्या शतकात दुसऱ्याच कारागिराला मिळालेले चिन्ह पुढे जोसेफ रॉजर्स यांच्या कारखान्याकडे आले आणि त्याच्या चाकूंसह जगभर पोहोचले. वोस्टनहोम यांचा ठसा ‘आय-एक्स-एल’ असा होता. इंग्रजीत तो मोठ्याने वाचला की ‘मी सरस आहे’ असा अर्थ निघतो. तारा, क्रूस, तीन अक्षरे. निरक्षर गिऱ्हाइकालाही खूण पटावी इतकी ही चिन्हे साधी होती.

१०/ १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा झाला आणि १८६७ मध्ये वर्ध्यावरून रेल्वे नागपूरला पोहोचली. त्याच मार्गाने कापूस बाहेर जाऊ लागला आणि कारखानी माल आत येऊ लागला. बाजारपेठेत आता अनोळखी माणूस अनोळखी माणसाकडून वस्तू घेत होता. तेथे विलायती चाकूवर ठसा होता. गावच्या लोहाराची ओळख मात्र वेशीपर्यंतच होती.

११/ कायदाही आला. १८८९ च्या इंडियन मर्चंडाइज मार्क्स ॲक्टने खोटी व्यापारचिन्हे वापरणे दंडनीय ठरवले. पण हिंदुस्थानात चिन्ह नोंदवण्याची कायदेशीर सोय होण्यास १९४० चा ट्रेड मार्क्स ॲक्ट यावा लागला. शेफील्डच्या कारागिराला जे १६२४ मध्ये लाभले, त्यासाठी येथे आणखी तीन शतके लागली.

१२/ या प्रश्नाला वर्ध्यात एक निराळे उत्तर शोधले गेले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडी हे त्याचे केंद्र होते आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे कार्यवाह. त्याच सुमारास चरखा संघ खादीच्या दुकानांना प्रमाणपत्रे देत होता, कारण गिरणीचे कापड खादी म्हणून सर्रास विकले जात होते. १९३५ मध्ये संघाने कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे त्या प्रमाणपत्राला नवा अर्थ आला. वस्तू खरी आहे एवढेच सांगून ते थांबत नव्हते, ती घडवणाऱ्या हातांना काय मिळाले याचीही हमी त्यात आली.

१३/ आज एखाद्या तरुण कारागिराने हाताने चाकू घडवून त्यासाठी ठसा निवडायचा म्हटले, तर हा सारा इतिहास त्याच्या उपयोगी पडतो. चिन्ह साधे हवे. चार-पाच मिलिमीटरच्या ठशात जोडाक्षरे भरून जातात. ठसा पाणी देण्यापूर्वी, पोलाद मऊ असतानाच मारावा लागतो. तो मुठीलगत असावा, म्हणजे वर्षानुवर्षे धार लावूनही झिजत नाही.

१४/ कायद्याच्या बाजूने पाहता, १९९९ च्या ट्रेड मार्क्स ॲक्टखाली चाकू, सुऱ्या, वस्तरे आणि हाती हत्यारे आठव्या वर्गात येतात. चिन्ह पूर्वी नोंदलेल्या चिन्हासारखे असता कामा नये. नुसते गावाचे नाव किंवा ‘उत्तम पोलाद’ असे वर्णन सहसा चालत नाही. वर्ध्याच्या माणसाला चरखा निवडण्याचा मोह होणे साहजिक आहे, परंतु तो पाहताच लोकांच्या मनात खादी येते. ज्यावरून दुसऱ्याच मालाची आठवण होते, ते चिन्ह आपली ओळख कसे देणार?

१५/ पासाऊचा लांडगा उसना गेला आणि त्याचा अर्थ हरवला. शेफील्डचा तारा नोंदवहीमुळे टिकला. नैकुंडचा कारागीर अनाम राहिला. रघुजींची तलवार परत आली ती त्यावर नाव होते म्हणून. ते नाव नसते तर लिलावाच्या यादीत ती एक सामान्य फिरंग ठरली असती. सोन्यातल्या नावाने मालकाची स्मृती जपली. घडवणाऱ्याची स्मृती जपायची, तर त्याने आपला ठसा घण खाली ठेवण्यापूर्वीच मारला पाहिजे.