गांजाच्या अर्कांचा पोत आणि तापमान

गांजाच्या अर्कांचा पोत म्हणजे भांगेच्या झाडाच्या (शास्त्रीय नाव: कॅनाबिस सटायव्हा) राळेपासून मिळणाऱ्या पदार्थांची भौतिक अवस्था होय. असा पदार्थ काचेसारखा ठिसूळ, मेणासारखा मऊ, लोण्यासारखा अपारदर्शक, खडीसाखरेसारखा स्फटिकमय किंवा काकवीसारखा दाट असू शकतो. या भिन्न रूपांना बाजारात वेगवेगळी नावे असली, तरी पुष्कळदा त्यांतील रासायनिक घटक जवळजवळ सारखेच असतात. फरक पडतो तो राळ कोणत्या तापमानातून, किती वेगाने आणि किती काळ गेली यामुळे. त्यामुळे पोतावरून अर्काची तीव्रता किंवा शुद्धता ओळखता येते हा समज चुकीचा आहे. हाच समज अमेरिकेत २०१९ साली पसरलेल्या फुप्फुसविकाराच्या साथीत घातक ठरला.

व्याप्ती आणि संज्ञा

भांगेच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर सूक्ष्म ग्रंथिल केस असतात. त्यांना ट्रायकोम म्हणतात. झाडाची राळ या केसांच्या टोकावरील गोलाकार ग्रंथींत साठते. ही राळ हाताने चोळून, चाळून, दाबून किंवा विद्रावकात विरघळवून वेगळी केली की तिला व्यापक अर्थाने अर्क म्हटले जाते. भारतीय उपखंडातील चरस, मोरोक्को व लेबनॉनमधील हशीश आणि हशीश तेल ही त्याची जुनी रूपे आहेत. शॅटर, वॅक्स, बडर, क्रंबल, रोझिन, डिस्टिलेट ही अलीकडची नावे असून, ती मुख्यतः उत्तर अमेरिकेत रूढ झाली. यांपैकी बहुतेक नावे पदार्थाच्या दिसण्यावरून पडली आहेत, घटकांवरून नव्हे.

राळेचे घटक

राळेत प्रामुख्याने तीन प्रकारचे पदार्थ असतात.

कॅनाबिनॉइड: ताज्या झाडात नशा आणणारे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) फार थोडे असते. त्याचे पूर्वरूप असलेले टेट्राहायड्रोकॅनाबिनॉलिक आम्ल (टीएचसीए) अधिक असते व त्याने नशा येत नाही. शुद्ध टीएचसीए घनरूप असून त्याचे स्फटिक होऊ शकतात. याउलट शुद्ध टीएचसी सहसा स्फटिकरूप घेत नाही. ते सामान्य तापमानाला चिकट राळेच्या रूपात असते.

टर्पीन: हे सुगंधी व बाष्पनशील पदार्थ आहेत. मिर्सीन, लिमोनीन, पायनीन आणि लिनालूल ही त्यांची परिचित उदाहरणे. राळेत ते विद्रावकाप्रमाणे वागतात. त्यांचे प्रमाण वाढले की राळ पातळ व मऊ होते आणि कमी झाले की घट्ट व ठिसूळ होते.

मेण व मेद: झाडाच्या पृष्ठभागावरील मेण काही अर्कांत उतरते. ते थंडीत गोठून बाहेर पडते आणि अर्क गढूळ दिसतो.

पोत केवळ अणूंच्या संख्येवर ठरत नाही, हे टीएचसी व कॅनाबिडिऑल (सीबीडी) यांच्या तुलनेतून स्पष्ट होते. दोघांच्याही रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. तरीही शुद्ध सीबीडी पांढऱ्या स्फटिकांच्या रूपात मिळते व सुमारे ६६° से. तापमानाला वितळते, तर टीएचसी चिकट राळेच्या रूपातच राहते. रेणूतील अणूंची मांडणी वेगळी असल्याने हा फरक पडतो.

तापमानाचे परिणाम

तापमान चार वेगवेगळ्या मार्गांनी पोत बदलते.

१. काचरूप अवस्था. थंड केलेली राळ नेहमी स्फटिकरूप होत नाही. तिचे रेणू विस्कळीत अवस्थेतच जखडले जातात आणि राळ काचेसारखी कडक होते. तापवल्यावर ती एका ठरावीक बिंदूला वितळत नाही. काच संक्रमणाच्या टप्प्यातून जाताना ती आधी चिवट, मग चिकट आणि शेवटी प्रवाही होते. लाख तापवताना हाच क्रम दिसतो. त्यामुळे एकच अर्क हिवाळ्यात तुकडे पडण्याइतका ठिसूळ आणि उन्हाळ्यात बोटाला चिकटणारा असू शकतो.

औषधशास्त्रातही या गुणाची नोंद आहे. ड्रोनॅबिनॉल हे संश्लेषित टीएचसी असून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला १९८५ मध्ये मान्यता दिली. औषधासोबतच्या अधिकृत माहितीपत्रकात त्याचे वर्णन सामान्य तापमानाला चिकट आणि शीतकपाटात कडक होणारे फिकट पिवळे राळयुक्त तेल असे आहे. या चिकटपणामुळे ते तिळाच्या तेलात मिसळून कॅप्सूलमध्ये भरले जाते.

२. स्फटिकीभवन. ज्या अर्कात टीएचसीए भरपूर असते, तो बहुधा अतिसंपृक्त द्रावणासारखा असतो. तो शांतपणे थंड झाला तर पारदर्शक राहतो. थोडी ऊब मिळाली किंवा तो ढवळला गेला, तर असंख्य सूक्ष्म स्फटिक एकाच वेळी तयार होतात. ते प्रकाश विखुरतात आणि अर्क फिकट, अपारदर्शक व मऊ दिसू लागतो. साखरेच्या पाकातही असेच घडते. न हलवता थंड केलेला गोळीबंद पाक काचेसारखा जमतो, तर घोटलेला पाक पांढरा पडून रवाळ होतो. दोन्हींत साखर तीच असते. शॅटर आणि बडर यांतील फरक मुख्यतः याच स्वरूपाचा आहे. स्फटिकीभवन अतिशय सावकाश झाले तर मोजके पण मोठे स्फटिक वाढतात आणि त्यांच्याभोवती टर्पीनयुक्त द्रव उरतो.

साठवलेला पारदर्शक अर्क काही आठवड्यांनी आपोआप गढूळ होतो, त्याचेही बहुधा हेच कारण असते. मध रवाळ झाला म्हणजे भेसळीचा ठरत नाही, तसेच हा बदल बिघाडाचा किंवा भेसळीचा पुरावा ठरत नाही.

३. बाष्पीभवन. टर्पीनांचे उकळबिंदू कॅनाबिनॉइडांपेक्षा बरेच कमी असतात. अल्फा-पायनीन सुमारे १५६° से., मिर्सीन सुमारे १६७° से., लिमोनीन सुमारे १७६° से. आणि लिनालूल सुमारे १९८° से. तापमानाला उकळते. उकळबिंदूच्या बऱ्याच खाली, अगदी खोलीच्या तापमानालाही, त्यांचे बाष्पीभवन चालू असते. टर्पीन उडून गेले की राळेचा सुगंध कमी होतो व ती कोरडी, भुसभुशीत होते. क्रंबल या प्रकाराचा पोत अशा कोरडेपणातून येतो.

४. रासायनिक बदल. वरील तीन बदल भौतिक आहेत. पुरेशी उष्णता मिळाल्यास टीएचसीएच्या रेणूतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि टीएचसी तयार होते. या क्रियेला विकार्बोक्सिलीकरण म्हणतात. सामान्य तापमानाला ती अतिशय मंद असते, १००° से.च्या वर तिचा वेग झपाट्याने वाढतो. या क्रियेत रेणुभार सुमारे ३५८.५ वरून ३१४.५ वर येतो. म्हणून १०० ग्रॅम टीएचसीएपासून जास्तीत जास्त सुमारे ८७.७ ग्रॅम टीएचसी मिळू शकते. प्रयोगशाळांच्या अहवालांत एकूण टीएचसी काढताना वापरला जाणारा ०.८७७ हा गुणक यावरूनच आला आहे. स्फटिक होऊ शकणाऱ्या पदार्थाचे रूपांतर सहसा स्फटिक न होणाऱ्या पदार्थात झाल्याने अर्क कायमचा चिकट होतो. तो पुन्हा थंड केल्याने मूळ स्फटिक परत येत नाहीत.

पारंपरिक पद्धतींतील तापमान

तापमान आणि पोत यांचा संबंध आधुनिक रसायनशास्त्राच्या आधीपासून कारागिरांना ठाऊक होता. हिमालयाच्या पायथ्याशी व खोऱ्यांत, विशेषतः हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्यात, चरस हाताने चोळून काढला जात असे. तळहाताच्या उबेने राळ मऊ होऊन हाताला चिकटते आणि तिची काळपट, लवचीक गोळी बनते. मोरोक्को, लेबनॉन व अफगाणिस्तानात याउलट कोरडी झाडे चाळण्याची पद्धत रूढ झाली. गारठ्यात ग्रंथी ठिसूळ होऊन सहज तुटतात आणि भुकटीच्या रूपात चाळणीखाली पडतात. ही भुकटी नंतर दाबून तिच्या वड्या करतात. एकाच राळेसाठी एका प्रदेशाने उबेचा आणि दुसऱ्याने थंडीचा उपयोग केला.

ब्रिटिश काळात मध्य आशियातील यारकंद येथून लेहमार्गे पंजाबात चरस येत असे. या व्यापाराची नोंद १८९३-९४ च्या भारतीय भांग औषधी आयोगाच्या अहवालात आहे. १८९० च्या दशकात केंब्रिज येथील वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड या रसायनशास्त्रज्ञांनी भारतीय चरसाचे ऊर्ध्वपातन करून एक दाट तांबडे तेल मिळवले. त्यातूनच पुढे कॅनाबिनॉल वेगळे करण्यात आले. कॅनाबिनॉल हे टीएचसीच्या ऑक्सिडीकरणातून तयार होते, हे नंतर स्पष्ट झाले. खुद्द टीएचसी शुद्ध रूपात वेगळे करून त्याची रचना ठरवण्याचे काम इस्रायलमध्ये येहिएल गाओनी आणि राफाएल मेकूलम यांनी १९६४ साली केले.

साठवण आणि ऱ्हास

उष्णता, प्रकाश आणि हवा यांमुळे टीएचसीचे हळूहळू कॅनाबिनॉल होते व राळ गडद पडते. मिसिसिपी विद्यापीठात सामान्य तापमानाला साठवलेल्या गांजावर झालेल्या अभ्यासात पहिल्या वर्षी टीएचसीचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी आणि चार वर्षांत सुमारे ४१ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. यामुळे न्यायवैद्यक प्रयोगशाळांत नमुने थंड व अंधाऱ्या जागी ठेवणे आवश्यक मानले जाते. जुन्या नमुन्यातील टीएचसीचे प्रमाण जप्तीच्या वेळच्या प्रमाणापेक्षा कमी असू शकते.

आरोग्य आणि सुरक्षितता

निष्कर्षणातील धोका: काही अर्कांसाठी ब्यूटेन हा विद्रावक वापरला जातो. त्याचा उकळबिंदू सुमारे उणे ०.५° से. असल्याने सामान्य तापमानाला त्याचा वायू होतो. हा वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो आणि एका ठिणगीने पेट घेतो. अमेरिकेत घरगुती निष्कर्षणामुळे स्फोट होऊन अनेक जण गंभीररीत्या भाजले आहेत. परवानाधारक उद्योगांत यासाठी बंदिस्त यंत्रणा आणि वायुवीजन बंधनकारक असते.

अतिउष्णतेतील विघटन: अर्क तप्त पृष्ठभागावर टाकून त्याची वाफ ओढण्याच्या प्रकाराला डॅबिंग म्हणतात. पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अशा तापमानाला टर्पीनांचे विघटन होऊन मेथाक्रोलीन आणि बेंझीन हे विषारी पदार्थ तयार होतात. बेंझीन कर्करोगकारक आहे. तापमान वाढते तसे या पदार्थांचे प्रमाणही वाढते.

पोताविषयीचा गैरसमज: वाफ ओढण्याच्या उपकरणांत भरलेले तेल जितके दाट तितके शुद्ध, असे अनेक ग्राहक मानत. कुपी उलटी केल्यावर आतील बुडबुडा किती सावकाश सरकतो, हे पाहून तेलाची पारख केली जाई. बेकायदा बाजारातील उत्पादकांनी तेलात स्वस्त पदार्थ मिसळून त्याचा दाटपणा कायम ठेवण्यासाठी व्हिटॅमिन ई ॲसिटेट वापरले. हा पदार्थ त्वचेवर लावण्याच्या किंवा पोटात घेण्याच्या उत्पादनांत सामान्यतः निरुपद्रवी असतो. श्वासावाटे घेतल्यास मात्र तो फुप्फुसांना घातक ठरला. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रांनी रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा मृत्यू पावलेल्या २,८०७ जणांची नोंद केली. त्यांपैकी ६८ मृत्यू निश्चित झाले होते. एका अभ्यासात ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसातील द्रवात व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडले. तेलाचा दाटपणा तापमानाने आणि मिसळलेल्या पदार्थांनी सहज बदलतो. त्यामुळे अर्कात काय आहे, हे केवळ रासायनिक विश्लेषणातूनच कळू शकते.

कायदेशीर स्थिती

भारतात अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (एनडीपीएस कायदा) लागू आहे. त्यातील व्याख्येनुसार झाडापासून वेगळी केलेली राळ, मग ती कच्ची असो वा शुद्ध आणि कोणत्याही रूपातील असो, चरस ठरते. हशीश तेल आणि द्रवरूप हशीश यांचाही या व्याख्येत समावेश आहे. त्यामुळे राळ घट्ट, मऊ किंवा द्रव असल्याने कायदेशीर फरक पडत नाही. चरसासाठी १०० ग्रॅम ही अल्प मात्रा आणि १ किलोग्रॅम ही व्यापारी मात्रा ठरवण्यात आली आहे. गांजासाठी या मर्यादा अनुक्रमे १ किलोग्रॅम व २० किलोग्रॅम आहेत. व्यापारी मात्रेच्या गुन्ह्यांसाठी किमान १० वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १९६१ च्या अमली पदार्थविषयक एकल करारात गांजा, त्याची राळ आणि त्याचे अर्क यांवर नियंत्रण आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजा व त्याची राळ यांना कराराच्या चौथ्या अनुसूचीतून वगळले. पहिल्या अनुसूचीतील त्यांचे नियंत्रण मात्र कायम आहे. कॅनडात ऑक्टोबर २०१८ मध्ये गांजा कायदेशीर झाला आणि त्यानंतर एका वर्षाने अर्कांच्या नियंत्रित उत्पादनाला व विक्रीला परवानगी देणारे नियम लागू झाले.