दाह, अर्बुद आणि खिन्नता

कर्करोग आणि खिन्नता यांचे नाते वैद्यकाने फार पूर्वीपासून मानले आहे. मात्र मनाच्या दुःखातून शरीरात अर्बुद, म्हणजे गाठ, उत्पन्न होते की अर्बुदाच्या निमित्ताने शरीरात जे घडते त्यातून मन खचते, या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या अखेरीस बरेचसे उलटे झाले. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन याच्या मते शरीरात साचणारे ‘काळे पित्त’ हेच दोहोंचे मूळ होते, आणि ‘मेलँकोलिया’ हा खिन्नतावाचक ग्रीक शब्दही त्याच पित्तावरून आलेला आहे. पित्ताचा सिद्धान्त कालांतराने मोडीत निघाला, तरी त्यातला मनाकडे बोट दाखवण्याचा भाग टिकून राहिला. एकोणिसाव्या शतकात लंडनचे शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी चिंता व निराशा यांच्या पाठोपाठ कर्करोग बळावतो असे लिहिले, तर 1980च्या दशकात राग गिळून टाकणारा स्वभावच ‘कर्करोगप्रवण’ ठरवण्यात आला. रुग्णाच्या पदरी आजाराबरोबर आजाराचा दोषही पडला, एवढेच या विचाराचे ठळक फलित म्हणावे लागेल.

दाहाची कथा दीर्घकाळ वेगळ्याच वाटेने चालली. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही त्याची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात नोंदवली होती, आणि 1863 मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्शो यांनी अर्बुदांत पांढऱ्या पेशी आढळतात हे पाहून कर्करोगाचा संबंध जुनाट दाहाशी जोडला. मनाचा विचार मात्र त्यात कोठेच नव्हता.

या दोन वाटा एकत्र आल्या त्या एका औषधाच्या दुष्परिणामामुळे. 1957 मध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी शोधलेले इंटरफेरॉन हे सायटोकाइन, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना परस्परांशी संधान साधू देणारे आणि दाह चेतवणारे प्रथिन, 1986 पासून अमेरिकेत कर्करोगावर अधिकृतपणे वापरले जाऊ लागले, आणि ते घेणाऱ्या अनेकांना तापाबरोबर थकवा, अरुची व तीव्र नैराश्य येते असे दिसून आले. आजारी प्राणी कोपऱ्यात निपचित पडून राहतो ते केवळ अशक्तपणामुळे नव्हे, तर संसर्गाशी झुंजण्यासाठी शक्ती राखून ठेवणारे ते एक सुसंघटित वर्तन आहे, अशी मांडणी पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी 1988 मध्ये केलेली होतीच. सायटोकाइन बाहेरून टोचले असता मनःस्थिती पालटते, याचा अर्थ येथे कारण आधी आणि खिन्नता नंतर, हा क्रम निःसंदिग्ध होता. गेलेनपासून पॅजेटपर्यंत कोणालाही असा पुरावा उपलब्ध नव्हता.

2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या 40 रुग्णांपैकी काहींना इंटरफेरॉनच्या दोन आठवडे आधीपासून पॅरॉक्सेटिन हे नैराश्यरोधक देण्यात आले, आणि त्यांच्यापैकी 11 टक्क्यांना तीव्र नैराश्य आले, तर औषधाऐवजी निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 45 टक्के होते. दाहामुळे एक विकर ट्रिप्टोफॅनला, म्हणजे ज्यापासून मेंदूतील सेरोटोनिन बनते त्या अमिनो आम्लाला, दुसऱ्याच मार्गाला लावते, असे इंटरफेरॉनमुळे येणाऱ्या या नैराश्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. मात्र 2002 मध्ये याच रुग्णांच्या लक्षणांची छाननी झाली तेव्हा उदासी आणि चिंता औषधाने आटोक्यात येते, परंतु थकवा व अरुची यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, असे आढळले.